फ्लोरिअन आल्बर्ट : एकाच क्लबचा स्ट्रायकर आणि त्याच्या निष्ठेचा अर्थ

प्रश्न असा आहे : हंगेरीचा फ्लोरिअन आल्बर्ट संपूर्ण कारकीर्दीत फेरेन्त्सवारोश या एकाच क्लबकडून खेळला आणि त्याचे उदाहरण निष्ठेचा आदर्श म्हणून दिले जाते, पण त्या काळी हंगेरीच्या खेळाडूंना परदेशी क्लबात जाण्याची मोकळीकच नव्हती, मग याला निष्ठा म्हणायचे की नाइलाज, आणि स्ट्रायकर म्हणून त्याचे मोठेपण नेमके कशात होते?

मी तीस वर्षांहून अधिक काळ फुटबॉल प्रशिक्षक म्हणून काम करतो आहे आणि त्यातला बराचसा काळ आघाडीच्या खेळाडूंना शिकवण्यात गेला आहे. आल्बर्टच्या खेळाची जी चित्रणे उपलब्ध आहेत ती मी स्वतः पुष्कळदा पाहिली आहेत आणि विद्यार्थ्यांनाही दाखवली आहेत. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन कोणत्या दिशेने जाते हे कळेल. परदेशी पैसा नाकारला, या अर्थाची निष्ठा आल्बर्टच्या नावावर लावणे चुकीचे आहे, कारण तो प्रस्ताव मोकळेपणाने स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची मुभा त्याला कधी मिळालीच नाही. पण एवढ्यावरून त्याच्या एकाच क्लबात राहण्याला काही अर्थ नव्हता असे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. तो अर्थ समजण्यासाठी आधी तो क्लब समजून घ्यावा लागतो.

फेरेन्त्सवारोश हे मुळात बुडापेस्टच्या नवव्या विभागातील वस्तीचे नाव. कारखाने, कत्तलखाने, बाजार आणि कामगारांच्या चाळी यांचा हा भाग. १८९९ मध्ये तिथे स्थापन झालेल्या क्लबाने हिरवा आणि पांढरा हे रंग घेतले, १९११ पासून उल्लोई रस्त्यावरच्या मैदानात मुक्काम केला, आणि ‘फ्राडी’ या लाडक्या नावाने तो देशातला सर्वाधिक पाठीराखे असलेला क्लब झाला. नेमकी ही लोकप्रियताच दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीला खुपली. क्लब सरकारी खात्यांना आणि कामगार संघटनांना वाटून देण्यात आले, तेव्हा सैन्याला होन्वेद मिळाला, पोलिसांच्या खात्याला उयपेश्त मिळाला आणि फेरेन्त्सवारोश अन्नप्रक्रिया कामगारांच्या संघटनेच्या पदरी घातला गेला. नाव बदलून आधी एदोस आणि मग किनिझी केले गेले, हिरवा रंग काढून लाल-पांढरा लादला गेला. शांदोर कोचिश आणि लास्लो बुदाई यांना १९५० मध्ये होन्वेदमध्ये नेण्यात आले. १९४८-४९ च्या मोसमात क्लबसाठी तब्बल ५९ गोल करणारा फेरेन्त्स देआक उयपेश्तकडे पाठवला गेला. म्हणजे आल्बर्टच्या आधीच्या पिढीत ‘मी याच क्लबात राहीन’ असे म्हणण्याचा अधिकारही खेळाडूच्या हातात नव्हता. निष्ठेची चर्चा करताना ही गोष्ट सहसा सुटून जाते. तिथे खेळाडूला देश सोडून जायची जशी बंदी होती, तशीच वरून आदेश आला की आपल्या क्लबात राहण्याचीही बंदी होऊ शकत असे.

१९५६ मध्ये या राजवटीविरुद्ध झालेल्या उठावाच्या धामधुमीत क्लबाला त्याचे नाव आणि हिरवा रंग परत मिळाले. त्याच काळात होन्वेदचा संघ परदेशात होता आणि पुश्काश, कोचिश व त्सिबोर परत आलेच नाहीत. पुढे पुश्काश रेआल माद्रिदकडे आणि उरलेले दोघे बार्सेलोनाकडे गेले. १९५३ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे हरवणारा आणि १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचलेला संघ अशा रीतीने विखुरला. आल्बर्ट मोठा झाला तो या पोकळीत.

त्याचा जन्म १५ सप्टेंबर १९४१ रोजी युगोस्लाव्हियाच्या सीमेलगतच्या हर्त्सेगसान्तो या गावात झाला. वडील लोहार होते, आई लहानपणीच गेली. कुटुंब बुडापेस्टला आल्यावर मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना फेरेन्त्सवारोशच्या मुलांच्या संघात दाखल झाला, म्हणजे क्लबावर परके नाव आणि परका रंग होता त्या दिवसांत. १९५८ च्या शरद ऋतूत, सतरावे वर्ष नुकतेच पूर्ण झाले असताना, डिओशग्योरविरुद्ध तो पहिल्यांदा मुख्य संघातून खेळला आणि त्याने दोन गोल केले. पुढच्या वर्षी २८ जून १९५९ रोजी बुडापेस्टच्या नेपस्टेडियममध्ये, आदल्याच वर्षी विश्वचषकाचे उपविजेतेपद मिळवलेल्या स्वीडनविरुद्ध, त्याचे राष्ट्रीय संघात पदार्पण झाले. शालान्त परीक्षा देऊन त्याला थोडेच दिवस झाले होते. हंगेरीने तो सामना ३-२ असा जिंकला. १९५९-६० च्या मोसमात, कोवळ्या वयात, २७ गोलांसह तो हंगेरीच्या लीगमधला सर्वाधिक गोल करणारा खेळाडूही ठरला.

भारतीय वाचकांसाठी इथे एक थेट धागा आहे आणि तो मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारत आणि हंगेरी एकाच गटात होते. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली खेळणाऱ्या आपल्या संघाने हंगेरीला कडवी झुंज दिली आणि सामना अवघ्या १-२ ने गमावला. आपला गोल तुलसीदास बलराम यांनी केला, तर हंगेरीचा एक गोल यानोश ग्योरोचचा आणि दुसरा अठरा वर्षांच्या आल्बर्टचा. याच हंगेरीने त्या स्पर्धेत फ्रान्सला ७-० आणि पेरूला ६-२ असे हरवले होते, हे लक्षात घेतले की चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम यांच्या त्या संघाची योग्यता कळते. हंगेरीने शेवटी इटलीला नमवून कांस्यपदक मिळवले.

१९६२ च्या चिली येथील विश्वचषकात त्याचे नाव जगाला कळले. रांकाग्वाच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध सामना १-१ असा अडकला असताना ७१व्या मिनिटाला त्याने विजयी गोल केला, आणि पुढच्या सामन्यात बल्गेरियाविरुद्ध ६-१ च्या विजयात तीन गोल केले, त्यांतले पहिले दोन तर सुरुवातीच्या सहा मिनिटांतच. एकूण चार गोलांसह तो गारिंचा, वावा, लिओनेल सांचेझ, इव्हानोव्ह आणि येर्कोव्हिच यांच्याबरोबरीने स्पर्धेतला सर्वाधिक गोल करणारा ठरला. उपान्त्यपूर्व फेरीत हंगेरी चेकोस्लोव्हाकियाकडून ०-१ ने हरली. चेक संघ त्या सामन्यात बहुतेक वेळ बचावातच होता आणि तरी जिंकला. फुटबॉलमध्ये असे होते.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो, कारण निष्ठेचा अर्थ मला त्याच्या खेळातूनच अधिक नीट उलगडतो. आल्बर्टला स्ट्रायकर म्हणतात, पण पेनल्टी क्षेत्रात तळ ठोकून क्रॉसची वाट पाहणारा तो स्ट्रायकर नव्हता. नान्दोर हिदेग्कुतीने १९५० च्या दशकात सेंटर फॉरवर्डला मागे, मध्यरेषेच्या दिशेने ओढून जी वाट घालून दिली होती, त्या वाटेवरचा तो पुढचा मोठा प्रवासी. तो मागे येऊन चेंडू घेई, प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे तोंड करून वळे आणि मग बचावपटूला ठरवावे लागे की याच्या अंगावर धावून जायचे की जागा राखायची. धावून गेला तर पाठीमागे मोकळी जागा पडे आणि विंगरला पास जाई. थांबला तर आल्बर्ट चेंडू घेऊन स्वतःच आत घुसे. पाठ ताठ, मान वर, चेंडू पायाजवळ, आणि वेग बदलण्याची विलक्षण हातोटी. माझ्या मते त्याचे सगळ्यात मोठे शस्त्र हा वेगातला बदल होता. धावण्याचा निव्वळ वेग त्याच्यापेक्षा जास्त असलेले पुष्कळ होते. पण जवळजवळ चालत असल्यासारखा येऊन दोन पावलांत निसटणे त्याच्यासारखे फार थोड्यांना जमले आहे. मी विद्यार्थ्यांना सांगतो की पहिली दहा मिनिटे चेंडू पाहूच नका, आल्बर्टचे खांदे आणि त्याच्या समोरच्या बचावपटूचे पाय पाहा. बचावपटूचा भार चुकीच्या पायावर गेला की त्याच क्षणी तो हलतो.

त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. चेंडू हातचा गेल्यावर मागे धावत येऊन तो परत मिळवणे, धक्काबुक्कीत उतरणे, हे त्याच्या स्वभावात नव्हते. काही सामन्यांत तो तासभर दिसतच नसे. आजच्या प्रशिक्षकाने, मीही त्यात आलो, असा खेळाडू संघात घेताना दोनदा विचार केला असता. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की अशा खेळाडूला त्याच्याभोवती त्याला ओळखणारे लोक लागतात, आणि फेरेन्त्सवारोशमध्ये ते त्याला मिळाले. माते फेन्यवेशी, ग्युला राकोशी, झोल्तान वर्गा हे वर्षानुवर्षे त्याच्यासोबत खेळले. आल्बर्ट मागे आला की कोणी त्याच्या सोडलेल्या जागेत शिरायचे आणि कोणी बाहेरच्या रेषेला चिकटून राहायचे, ही समज फळ्यावर आकृत्या काढून येत नाही, सहवासाने येते. एका क्लबात सोळा मोसम काढण्याचा खेळाच्या दृष्टीने हा फायदा होता, आणि त्याच्याबद्दल लिहिताना भावनेच्या भरात लोक नेमका हाच मुद्दा विसरतात.

त्याच्या काळात क्लबाने १९६२-६३, १९६४, १९६७ आणि १९६८ अशी चार लीग विजेतेपदे मिळवली. त्यातल्या पहिल्याचे मोल वेगळे आहे, कारण त्याआधीचे विजेतेपद १९४८-४९ चे, देआकच्या वेळचे होते. मधली चौदा वर्षे प्रामुख्याने होन्वेद, एमटीके, वाशाश यांची होती. हंगेरीची लीग त्या काळी सोपी नव्हती. वाशाशकडे यानोश फार्कश होता, लायोश टिखी होन्वेदमध्ये होता, फेरेन्त्स बेने आणि ग्योरोच उयपेश्तमध्ये होते, आणि हे सगळे राष्ट्रीय संघात एकमेकांशेजारी उभे राहत. अशा लीगमध्ये आल्बर्टने ३५१ सामन्यांत अडीचशेहून अधिक गोल केले आणि तीन मोसमांत तो सर्वाधिक गोल करणारा ठरला. मागे येऊन खेळणाऱ्या, दुसऱ्यांना गोल करून देणाऱ्या खेळाडूच्या नावावर हे आकडे आहेत, म्हणून मला त्यांचे अधिक अप्रूप वाटते.

क्लबाच्या इतिहासातला सर्वोच्च दिवस २३ जून १९६५ हा आहे. त्या मोसमात फेअर्स कपमध्ये, म्हणजे पुढे ज्याची जागा युएफा कपने घेतली त्या स्पर्धेत, फेरेन्त्सवारोशने रोमा आणि अथलेटिक बिल्बाओ यांना बाहेर काढले आणि उपान्त्य फेरीत बॉबी चार्लटन, डेनिस लॉ आणि जॉर्ज बेस्ट यांच्या मँचेस्टर युनायटेडला गाठले. ओल्ड ट्रॅफर्डवर २-३ अशी हार, बुडापेस्टला १-० असा विजय आणि मग निर्णायक तिसऱ्या सामन्यात २-१ असा विजय. अंतिम सामना एकच होता आणि तोही तुरीनमध्ये, युव्हेंटसच्या घरच्या मैदानावर. फेन्यवेशीने डोक्याने केलेल्या एकमेव गोलावर फेरेन्त्सवारोश जिंकला. युरोपीय करंडक जिंकणारा हंगेरीचा तो एकमेव क्लब आहे. तीन वर्षांनी याच स्पर्धेत लिव्हरपूलला दोन्ही सामन्यांत १-० ने हरवून तो पुन्हा अंतिम फेरीत गेला, पण लीड्सकडून दोन सामन्यांत मिळून ०-१ ने हरला.

मात्र आल्बर्टचा एकच सामना पाहायचा असेल तर तो क्लबचा नाही. १५ जुलै १९६६ रोजी विश्वचषकात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर हंगेरीची गाठ ब्राझीलशी पडली. पहिल्या सामन्यात हंगेरी पोर्तुगालकडून १-३ अशी हरली होती, त्यामुळे हा सामना गमावणे परवडणारे नव्हते. ब्राझील लागोपाठ दोन विश्वचषक जिंकून आलेला होता आणि १९५४ पासून विश्वचषकात हरला नव्हता. १९५४ मध्ये बर्न येथे त्याला हरवणारा संघही हंगेरीचाच होता. बल्गेरियाच्या खेळाडूंनी पहिल्या सामन्यात केलेल्या दांडगाईमुळे पेले जायबंदी होता आणि या सामन्यात तो खेळला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण गारिंचा होता, तोस्ताओ होता, जाइरझिन्यो होता.

बेनेने सुरुवातीलाच उजवीकडून आत शिरून गोल केला. तोस्ताओने पाव तासाच्या आत बरोबरी साधली. त्यानंतरचा तास हा आल्बर्टच्या कलेचे प्रात्यक्षिक आहे. त्याने त्या दिवशी एकही गोल केला नाही, आणि तरी सामना त्याचा होता. ६४व्या मिनिटाचा गोल पुन्हा पुन्हा पाहावा. आल्बर्ट मधल्या भागातून चेंडू घेऊन पुढे येतो, ब्राझीलचा बचाव त्याच्याकडे ओढला जातो, आणि तो अगदी योग्य क्षणी उजवीकडे बेनेच्या धावेच्या पुढे चेंडू सरकवतो. बेने पहिल्याच स्पर्शात क्रॉस देतो आणि फार्कश धावत येऊन चेंडू जमिनीला टेकण्याआधीच जाळ्यात हाणतो. तीन खेळाडू, तीन वेगवेगळ्या क्लबांचे, आणि कुठेही थबकणे नाही. बहुतेकांना फार्कशची व्हॉली आठवते. ती आठवणीत राहण्यासारखीच आहे. पण प्रशिक्षकाला त्या गोलात आल्बर्टचा थांबा दिसतो. पास देण्याआधी तो क्षणभर, अगदी अर्धे पाऊल, थांबतो. तो लगेच पास देता तर बेने ऑफसाइड नसता पण बचावपटू त्याच्या सोबत असता. तो आणखी थोडा थांबता तर चेंडू हिरावला गेला असता. हे अर्धे पाऊल कोणाला शिकवून येते का, याचे उत्तर मला आजवर सापडलेले नाही. पुढे कालमान मेसोयने पेनल्टीवर तिसरा गोल केला आणि सामना ३-१ असा संपला. लिव्हरपूलचे इंग्लिश प्रेक्षक शेवटी आल्बर्टच्या नावाचा घोष करत होते.

त्या स्पर्धेत हंगेरी उपान्त्यपूर्व फेरीत सोव्हिएत संघाकडून १-२ ने हरली, त्यातला पहिला गोल गोलरक्षकाच्या हातून चेंडू सुटल्यामुळे झाला. लायोश बारोती यांच्या मार्गदर्शनाखालच्या त्या संघाची गुणवत्ता पाहता त्याने आणखी पुढे जायला हवे होते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, ‘फ्रान्स फुटबॉल’ या नियतकालिकाच्या निवडीत युरोपातल्या पत्रकारांनी आल्बर्टला बॅलन डी’ऑर दिला. त्याला ६८ गुण मिळाले आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या बॉबी चार्लटनला ४०. हा पुरस्कार मिळालेला तो आजही हंगेरीचा एकमेव खेळाडू आहे; खुद्द पुश्काशलाही १९६० मध्ये दुसऱ्या क्रमांकावर थांबावे लागले होते. हंगेरीतले लोक आल्बर्टला ‘चासार’, म्हणजे सम्राट म्हणू लागले होते.

आणि इथेच मूळ प्रश्न तीव्र होतो. युरोपातला सर्वोत्तम ठरलेला, सव्वीस वर्षांचा खेळाडू, मिलान किंवा माद्रिदच्या जर्सीत का दिसला नाही? उत्तर सरळ आहे. हंगेरीत खेळाडू कागदोपत्री हौशी होते, व्यावसायिक बदलीची व्यवस्थाच नव्हती, आणि परदेशी क्लबाशी करार करण्याची वाट राज्याने बंद ठेवली होती. १९६७ च्या सुरुवातीला ब्राझीलच्या फ्लामेंगो क्लबाने त्याला पाहुणा म्हणून नेले आणि तो त्यांच्या जर्सीत मैत्रीपूर्ण सामना खेळला, पण ती परवानगी घेऊन केलेली भेट होती. कायमचे जायचे तर एकच मार्ग होता, देश सोडून पळून जाणे. त्याची किंमत काय होती हे त्याच्या शेजारीच खेळणाऱ्या वर्गाने दाखवून दिले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या वेळी झोल्तान वर्गा संघातून निघून गेला. त्याला बंदीचा काळ सोसावा लागला आणि मग तो हेर्टा बर्लिन, अॅबर्डीन, आयाक्स अशा क्लबांतून खेळला. माझ्या मते वर्गा गुणवत्तेत आल्बर्टच्या अगदी जवळचा होता, आणि त्याचे सर्वोत्तम दिवस या स्थित्यंतरात गेले. हंगेरीच्या राष्ट्रीय संघाची दारे तर त्याला बंदच झाली.

तेव्हा कोणी मला विचारले की आल्बर्ट वर्गापेक्षा अधिक निष्ठावान होता का, तर मी अशी तुलना करायला नकार देतो. पळून जाणाऱ्याने घर, माणसे, भाषा आणि देशाची जर्सी गमावली; राहणाऱ्याने जगातल्या मोठ्या मैदानांवर वर्षभर खेळण्याची संधी गमावली. दोघांपुढे जे पर्याय ठेवले गेले होते ते मुळात कोणापुढेच ठेवायला नको होते. पुश्काशला कृतघ्न म्हणायचे आणि आल्बर्टला आदर्श, ही वाटणी त्या राजवटीला सोयीची होती. आपण ती कशाला उचलावी?

तरीही आल्बर्टच्या राहण्यात त्याचा स्वतःचा म्हणून जो भाग होता तो खरा आहे. परदेशाचे दार बंद असले तरी देशात क्लब बदलता येत होता. १९६० च्या दशकात १९५० सारखी सक्तीची ओढाताण राहिली नव्हती आणि त्याच्या तोडीच्या खेळाडूला कोणत्याही क्लबाने डोक्यावर घेतले असते. तो ज्या क्लबात राहिला तो सैन्याचा नव्हता, पोलिसांचा नव्हता, मंत्र्यांचा लाडका तर नव्हताच. अकरा-बाराव्या वर्षी ज्या मैदानावर आला त्याच मैदानासाठी तो तेहतिसाव्या वर्षापर्यंत खेळला. हंगेरीत अशी परंपराही आहे. ग्योर्ग शारोशीने १९३० ते १९४८ या काळात फेरेन्त्सवारोशखेरीज दुसरा क्लब पाहिला नाही आणि १९३८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तो हंगेरीचा कर्णधार होता. फेरेन्त्स सुसाने उयपेश्तसाठी १९४१ ते १९६१ या वीस वर्षांत ४६३ लीग सामन्यांत ३९३ गोल केले. शारोशीच्या उमेदीच्या काळात तर दारे बंदही नव्हती. अशा लोकांच्या बाबतीत क्लब हा नोकरीचा मालक नसतो, तो पत्ता असतो.

माझ्या दृष्टीने निष्ठेची खरी परीक्षा त्याच्या पडत्या काळात झाली. १५ जून १९६९ रोजी कोपनहेगनला डेन्मार्कविरुद्ध विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात त्याची डेन्मार्कच्या गोलरक्षकाशी जोरदार टक्कर झाली आणि पायाला अतिशय गंभीर दुखापत झाली. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. हंगेरी तो सामना हरली, पुढे डिसेंबरमध्ये मार्सेलला चेकोस्लोव्हाकियाविरुद्धच्या निर्णायक लढतीत १-४ अशी हरली आणि १९७० च्या विश्वचषकाला मुकली. आल्बर्ट सुमारे वर्षभर मैदानाबाहेर राहिला. परत आला तेव्हा नजर तीच होती, पास तसाच अचूक होता, पण ज्या दोन पावलांवर त्याचा सगळा खेळ उभा होता ती दोन पावले गेली होती. आघाडीच्या खेळाडूंच्या अशा दुखापती मी जवळून पाहिल्या आहेत. स्नायू परत येतात, वेगही बराचसा परत येतो. परत येत नाही तो पायावरचा विश्वास, आणि वळताना होणारा क्षणाचा संकोच बचावपटूला पुरतो.

त्यातच लीगचे चित्र पालटले होते. १९६९ पासून उयपेश्तने ओळीने सात विजेतेपदे मिळवली. आल्बर्ट खेळत असताना फेरेन्त्सवारोशच्या वाट्याला या काळात १९७२ चा हंगेरियन कप तेवढा आला. त्याच वर्षी बेल्जियममध्ये झालेल्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी आल्बर्ट राष्ट्रीय संघात होता आणि हंगेरी चौथी आली. आपण पूर्वीसारखे राहिलो नाही हे कळत असताना, जिंकण्याची शक्यता दुसऱ्याच क्लबात जास्त असताना, तो त्याच हिरव्या-पांढऱ्या जर्सीत आणखी चार मोसम खेळत राहिला. इथे राज्याची सक्ती नव्हती. तो थांबू शकला असता. कोणी त्याला दोष दिला नसता. माझ्यापुरता ‘निष्ठा की नाइलाज’ या प्रश्नाचा निकाल १९७० ते १९७४ या चार वर्षांत लागतो, १९६७ मध्ये लागत नाही.

१९७४ च्या मार्चमध्ये त्याने क्लबकडून शेवटचा लीग सामना खेळला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय संघाचाही निरोप घेतला. देशासाठी ७५ सामने आणि ३१ गोल. पुढे लिबियातील बेनगाझीच्या अल-अहली क्लबचे प्रशिक्षकपद त्याने काही वर्षे सांभाळले आणि नंतर पुन्हा फेरेन्त्सवारोशच्या कामात परतला. त्याचा मुलगा, वडिलांचेच नाव असलेला फ्लोरिअन, हाही फेरेन्त्सवारोशकडून आणि हंगेरीकडून खेळला.

उल्लोई रस्त्यावरचे नवे बांधलेले स्टेडियम १९७४ च्या मे महिन्यात, म्हणजे त्याच्या शेवटच्या लीग सामन्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी खुले झाले. ज्या स्टेडियममध्ये त्याला एकही लीग सामना खेळायला मिळाला नाही, त्याला २००७ च्या डिसेंबरमध्ये त्याचे नाव देण्यात आले, आणि तो समारंभ त्याने स्वतः पाहिला. ३१ ऑक्टोबर २०११ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे, बुडापेस्टमध्ये त्याचे निधन झाले. दोन वर्षांनी ते स्टेडियम पाडले गेले. २०१४ मध्ये त्याच जागी उभ्या राहिलेल्या स्टेडियमला एका विमा कंपनीचे नाव आहे. आल्बर्टचा पुतळा त्याच्या बाहेर आहे.